सहदेवची सही

प्रिय सहदेव,

फोनवर हे बोलायला गेले तर मी ओरडेन आणि तू कट करशील, म्हणून लिहितेय. आई बरी आहे. गुडघा दुखतो तिचा, पण रानभाजी खुडायला जायचं काही सोडत नाही. माझ्या अंगणवाडीत यंदा बावीस पोरं आहेत. बाकी पाड्यात सध्या एकच विषय, तो येऊ घातलेला नवा कायदा.

तुला मुलुंडला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आपली सभा विसरला नसशील. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने हात वर करायचा आणि मग ठरायचं: कुठलं झाड तोडायचं, नवं घर कुठे उभं करायचं, कुणाचं भांडण कसं मिटवायचं. तीन वर्षांपूर्वी सरकारवाले आपल्या झऱ्यावर गाड्यांचा तळ बांधायला निघाले होते, तो याच सभेच्या ठरावाने थांबला. आता या कायद्याच्या मसुद्यात लिहिलंय, सभेच्या जागी नऊ जणांची समिती येणार, त्यातले सहा सरकार नेमणार आणि आपला ठराव यापुढे फक्त 'सूचना' समजणार. सूचना! समोरच्या बोरिवलीच्या टॉवरवाल्यांना त्यांच्या सोसायटीची कमिटी त्यांनीच निवडायची मुभा आहे. आणि त्या टॉवरच्या कितीतरी आधीपासून इथे राहणाऱ्या आम्हा वारल्यांना ती अक्कल नाही म्हणे!

मसुद्यावरच्या सुनावणीची नोटीस दोन दिवस आधी हातात पडली. वांद्र्याच्या सरकारी कचेरीत आम्ही अकरा जण गेलो. सखुबाई स्टेशनबाहेरची भाजीची पाटी बंद ठेवून आली. माणशी दोन मिनिटं, मग घंटा. सखुबाई म्हणाली, "साहेब, दोन मिनिटांत माझ्या पाड्यातल्या माणसांची नावंपण सांगून होत नाहीत." हसले रे ते सगळे. हसले आणि घंटा वाजवली.

मग माझी पाळी. मी एवढंच विचारलं, "हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं?" साहेबाने फाइल उघडून एक कागद माझ्यापुढे धरला. "तुमच्याच प्रतिनिधीची संमती आहे, ताई." सही तुझी होती. खाली 'पाड्याचा प्रतिनिधी' आणि पत्ता आपल्या घराचा, जिथे तू दिवाळीलाही मुक्काम करत नाहीस. कुठल्या सभेने निवडलं तुला? मुलुंडच्या संघटनेत कुणी शाल घातली, साहेबांच्या शेजारी उभं करून फोटो काढला, एवढ्यावर अडीचशे माणसांच्या वतीने बोलायला लागलास?

आणि मी काय केलं, सांगू? गप्प बसले. मागून सगळे विचारत होते, कुणाची सही गं? मी म्हटलं, नीट दिसली नाही. माझी दोन मिनिटं तशीच संपली. तुला वाचवायला मी माझ्या माणसांशी खोटं बोलले. तुझा राग येतोच, पण त्या खोट्याचा जास्त येतो.

परवा सभा भरली, तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आईने पदर तोंडाला लावला. तुझ्यासोबत शाळेत जाणारा भीमराज, तोच आधी उठला. "त्याचं नाव काढा सभेतून. पाड्यात पाऊल नको त्याचं." हात वर जायला लागले. तेवढ्यात सखुबाई ओरडली, "थांबा! आपल्याला न विचारता ठरवलं म्हणून आपण भांडतोय ना? मग त्याला न विचारता कसं ठरवता?" हळूहळू हात खाली आले. भीमराजचा सगळ्यात शेवटी.

म्हणून हे पत्र. सभेने मला लिहायला सांगितलंय. येत्या रविवारी सकाळी दहाला तू यायचं आहेस. हरकती घ्यायची शेवटची तारीख मंगळवार आहे. सही फसवून घेतली असेल, न वाचता केली असशील, तर सगळ्यांसमोर तसं सांग आणि लिहून दे. आमच्या हरकतीला तो कागद जोडू. वाचून, समजून केली असशील तर तेही आमच्या तोंडावर सांग. तुला बोलवावं या बाजूने मी हात वर केलाय, सहदेव. पण समजून केली म्हणालास, तर तुझ्या विरोधात पहिला हात माझा असेल.

तुझीच, पण आधी या पाड्याची,
कल्पिताताई