माझी पाठ ठणठणीत आहे

६ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाची रोजनिशी आजपासून. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण त्या दिवशी पलंगावरून उठता आलं नाही. असो. संकल्प पहिला: पाठ हा विषय या वहीत काढायचा नाही.

हे उभ्यानं लिहितोय, इस्त्रीच्या टेबलावर. उभं राहून लिहिलं की विचार स्पष्ट होतात.

संकल्प दुसरा: फिरती वाढवायची. पंप कंपनीचा एरिया मॅनेजर घरी शोभत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया एवढा मुलूख माझ्याकडे. महिन्याचे बहुतेक दिवस गाडीत, आणि गाडी मीच चालवतो. मौद्याचा चहावालासुद्धा मला ‘प्रेमानंद साहेब’ म्हणून ओळखतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, कमरेतली गादी सरकली आहे, बसणं कमी करा. म्हणजे गाडी काय उभ्यानं चालवू? डॉक्टर बदलायला हवा.

७ जानेवारी, मंगळवार

पुण्याहून देवधर साहेब पुढच्या महिन्यात येणार. दोन दिवस माझ्यासोबत गाडीत फिरणार, मग सगळ्यांच्या एरियांची फेरवाटणी करणार.

आता सावध राहायला हवं. आमच्या धंतोलीच्या ऑफिसात दीप्ती आहे. फोनवर ऑर्डरी घेते, हुशार आहे, आणि भिंतीवरच्या नकाशाकडे जरा जास्तच बघते. माझ्या पाठीचं साहेबांना कळलं तर माझा एरिया तिला आणि तिची खुर्ची मला. दिवसभर फोनवर ‘हॅलो, माल पोचला का?’ करत बसायचं. त्यापेक्षा पाठ मोडली तरी चालेल. संकल्प पहिला मोडला, पण तो आणीबाणीमुळे.

८ जानेवारी, बुधवार

मौदा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून भंडारा रोडवर मध्ये मध्ये उतरून चाललो. दर वेळी कोणीतरी थांबलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं टोचन काढून गाडीला बांधायला घेतलं होतं. गाडी चांगली आहे म्हटलं तर म्हणाला, ‘मंग पायी काहून चालून राहिले?’ मी गाडीत जाऊन बसलो.

डीलरच्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. नंतर उठता येईना. मग न उठण्याचं कारण हवं म्हणून आणखी चहा सांगितला, त्याची सगळी गाऱ्हाणी ऐकली आणि त्यानं स्वतःच जाळलेली मोटर बदलून द्यायचं कबूल केलं. खूश झाला. याला ग्राहकसंबंध म्हणतात. दीप्तीला फोनवर हे जमलं असतं का?

११ जानेवारी, शनिवार

कमरेचा पट्टा घेतला. शर्टाच्या आत घालतो. रोशनी म्हणाली, ‘वरून घाला नं, नाही तं पोट सुटल्यावानी दिसून राहिलं.’ बायकोला धोरण कळत नाही.

गाडीत आणि ऑफिसात बसायला मध्ये भोक असलेली गोल गादी आणली. दीप्तीनं विचारलंच. मी गडबडून मूळव्याध म्हणालो. मग वाटलं, छान सुचलं. मूळव्याधीनं कोणाचा एरिया गेल्याचं ऐकिवात नाही. दुपारी तिनं माझ्या टेबलावर ताकाचा ग्लास ठेवला आणि तिखट खाऊ नका म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस तेच म्हणत होतं. सावजीचा झणझणीत रस्सा आता बंद, निदान चारचौघांत.

१४ जानेवारी, मंगळवार

आजचं लिहू की नको?

खाप्याला आमचा डीलर अमोल याच्या दुकानात नवीन पंपाची पाटी वाचायला वाकलो आणि तिथेच अडकलो. जोरात उसण भरली. अमोलनं काही न विचारता मला तसाच धरून मागच्या अंगणात नेलं. तिथे त्याची आई रुखमाबाई, आणि त्यांच्यासमोर पालथी पडलेली माणसं. बाई पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसानं पाठीवर लाथ मारली की उसण जाते, अशी लोकांची समजूत. दर मंगळवारी आसपासची गावं येतात म्हणे.

मी हे मानत नाही. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून गंडा-दोरा, अंगारा काही शिरलेलं नाही. बाबांना कळलं तर ते माझ्याशी बोलणं सोडतील. पण मला उभंही राहता येत नव्हतं आणि झोपायला फक्त ती चटई होती.

बाईंचा एक नियम आहे. ‘पाठ दुखते म्हना. तोंडानं म्हनल्याशिवाय मी पाय लावत नसतो.’ मी म्हणालो, जरा आखडलीये. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. रांगेतला एक जण म्हणाला, ‘म्हना नं गा साहेब, लाजून काहून राहिले?’ शेवटी चटईत तोंड खुपसून हळूच म्हणालो. तीन लाथा. हलक्याच.

सरळ उभा राहिलो! विज्ञानाच्या दृष्टीनं हा प्रेशर पॉइंटचा प्रकार आहे. टूर रिपोर्टमध्ये लिहिलं: खापा, मार्केट डेव्हलपमेंट.

१५ जानेवारी, बुधवार

गुण परतीच्या वाटेवर पाटणसावंगीपर्यंतच टिकला होता. हे काल लिहायचं राहिलं.

२८ जानेवारी, मंगळवार

खापा. मागच्या मंगळवारीही खापा. योगायोग. मार्केट डेव्हलप होत आहे, विक्री मात्र अजून नाही. अमोल म्हणतो, साहेब तुमी ऑर्डर कधी मांगतच नाही, सिध्धे अंगणात जाता.

झोप नाही. या कुशीवर पाठ, त्या कुशीवर पाय. पहाटे मनीषनगरभर फेऱ्या मारतो. शेजाऱ्यांना वाटतं मी वजन उतरवतोय. वाटू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

साहेब उद्या येणार. तयारी पूर्ण. गोल गादी डिकीत लपवली. दुखण्याची गोळी नाश्त्याआधी एक, नंतर एक. रस्ता असा आखला आहे की खापा लागणारच नाही.

रोशनी म्हणाली, ‘सांगून द्या नं साहेबाले. मानूसच आहे तोही.’ मी तिला समजावलं की कंपनीत साहेब असतो, माणूस नसतो. ती पाठीला शेक द्यायला पाण्याची पिशवी भरायला गेली. चिडली होती, पण शेक दिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवस सपशेल माझा!

साहेब भारी धूर्त. दर थोड्या वेळानं म्हणायचे, थांबू या, चहा घेऊ. मी लगेच ओळखलं, माझा दम तपासतायत. मी गाडी थांबवलीच नाही. म्हटलं, सर, मी नागपूर ते गोंदिया एका बैठकीत करतो. त्यांचा चेहरा पडला. नंतर एका हातानं वरची कडी धरून बसले. मानलं असणार मला.

साकोलीला दुकानासमोर मोठी नाली होती. फळीवरून न जाता उडी मारली. डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण उडी लांब पडली. तेव्हा साहेबांनी सरळच विचारलं, प्रेमानंद, तुम्हाला पाठीचा काही त्रास आहे का? मोकळेपणानं सांगा. किती गोड आवाज! मी म्हणालो, पाठ कशाशी खातात तेही माहीत नाही, सर. ‘खरंच?’ असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्हीदा खरंच म्हणालो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गाडीत बसताच साहेब म्हणाले, खाप्याला घ्या. दर मंगळवारी तुमची खाप्याची भेट दिसते आणि विक्री शून्य, तिथे आहे तरी काय?

अमोलला मेसेज केला: मला ओळखू नको. त्यानं अंगठा पाठवला. दुकानात पोचलो तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, या साहेब, पहिल्यांदाच आले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून रुखमाबाईंचा आवाज, ‘आले काय गा साहेब? चटई टाकूनच ठेवली.’

मी घाईघाईनं सांगितलं, सर, ही इथली लोकपरंपरा, शेतकरी जमतात, म्हणून मार्केट डेव्हलपमेंट. साहेब ऐकतच नव्हते. त्यांनी बूट काढले, घड्याळ अमोलकडे दिलं आणि माझे पुण्याचे देवधर साहेब कपड्यांची पर्वा न करता त्या चटईवर पालथे झाले. बाईंनी नियम सांगायच्या आत म्हणाले, ‘माझी पाठ दुखते हो. चार वर्षं झाली. फार दुखते.’ असं, सगळ्यांसमोर. मला त्यांची लाज वाटली आणि कुठेतरी हेवाही वाटला.

तीन लाथा खाऊन ते उठले. डोळे भरले होते. बाई माझ्याकडे वळल्या. ‘अन तुमची?’

चटई मोकळी होती. साहेब बघत होते. रांग बघत होती. मी म्हणालो, माझी ठणठणीत आहे. बाई म्हणाल्या, ‘मंग रांग काहून अडवून राहिले?’ मी बाजूला झालो.

परत येताना साहेब मागच्या सीटवर आडवे झाले आणि मी नागपूरपर्यंत न थांबता आणलं. एरिया वाचला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना विमानतळावर सोडलं. तिथे त्यांनी मन मोकळं केलं.

नागपूरला नवीन जागा निघाली आहे. चार जिल्ह्यांचा कारभार ऑफिसात बसून बघायचा. फिरती नाही, पगार तोच, वर बढती. हवं तेव्हा उठा, चाला, मध्ये आडवे व्हा. ही जागा साहेबांनी माझ्यासाठीच मागून घेतली होती. ‘सरांना बसवत नाही, पाठीचंच असणार, ते सांगत नाहीत,’ असं दीप्तीनंच त्यांना कळवलं होतं. मूळव्याधीवर तिचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. साहेब म्हणाले, हे दुखणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून स्वतः बघायला आलो. पण तुमची पाठ तर दगडासारखी आहे. फार बरं वाटलं.

ती जागा आता दीप्तीला. आणि साहेबांना डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय, म्हणून त्यांची छत्तीसगडची फिरती मला. राजनांदगाव, रायपूर, जगदलपूर. गाडीनं. कंपनीत पाठ शाबूत असलेला मी एकटाच, म्हणाले, आणि जोरात पाठीवर थाप मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही गहिवरून आलं.

नाही म्हणता आलं असतं. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. मी ‘थँक यू सर’ म्हणालो.

घरी सांगितलं की एरिया दुप्पट झाला. रोशनीनं सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, ‘म्हंजे खुर्ची तुमच्यासाठीच आनली होती त्यानं. मंग काहून नाही बोलले तुमी?’ रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतीच शेकाची पिशवी भरायला गेली. मी आज जेवलो नाही. गोळ्यांमुळे भूक मरते.

१७ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळ

राजनांदगाव. नव्या मुलुखात पहिलं पाऊल. पाऊल असं अजून पडलेलं नाही. लॉजच्या आवारात गाडी लावली आणि तेव्हापासून स्टीअरिंगसमोरच आहे. दार उघडलं, डावा पाय हलेना. दार लावून घेतलं.

लॉजचा मॅनेजर दोनदा येऊन गेला. ‘साहब, कमर अकड़ गई क्या? दो आदमी बुलाऊँ?’ मी म्हणालो, नहीं नहीं, काम कर रहा हूँ. म्हणून ही वही काढली. आता त्यानं खिडकीतून डाळ-फ्राय आणि रोट्या आणून दिल्या आहेत. स्टीअरिंगवर ताट बरं राहतं.

रोशनीचा फोन आला. पोचले काय, म्हणाली. पोचलो म्हणालो. ते खरंच आहे. उतरलो का, हे तिनं विचारलं नाही.

उद्या रायपूर. बसलेलाच आहे, तेव्हा निघायला उशीर होणार नाही.