घराण्याचा नंबर

नेकनूर,
दि. ३ जानेवारी

ती. तारा आत्यास,
सायलीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नको, घरात सगळे ठणठणीत आहेत. आजीला ऐकू येत नाही म्हणून घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि माझा फोन मी भरती होईस्तोवर कपाटात कुलूप लावून ठेवलाय. मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगितलं तर समोरच्या किराणा दुकानापर्यंत जाईल. म्हणून पोस्टाची वाट धरली. वाचून झालं की चुलीत घाल.

गेल्या साली पोलीस भरतीत मी मैदानावर दोन मार्कांनी राहिले, लेखीच्या यादीत नाव आलं नाही, हे तुला माहीतच आहे. यंदा मैदान ५ फेब्रुवारीला आहे. अण्णांनी स्पष्ट सांगितलंय की हे शेवटचं, यंदा नाही झालं तर उन्हाळ्यात स्थळं बघायची. एक स्थळ तर येऊन चहा पिऊनही गेलं.

गोळा माझा चांगला जातो, शंभर मीटरही बरं आहे. घोडं अडतं ते आठशे मीटरला. तीन मिनिटं आठ सेकंदांच्या खाली काटा येतच नाही. आमच्या अकॅडमीचे विजयसिंह सर फौजेतले रिटायर आहेत, ते रोज मैदानभर ओरडतात की सायली हात सोड, हात छातीशी आवळून कावून पळतीस, कुणी काही हिसकावून न्यायलंय का? पोरं हसतात. मी पण हसते. आता सरांना काय सांगू, की हात सोडले तर बाकीचं धरणार कोण?

मी दोन ब्रा घालते आत्या, एकीवर एक, आणि वरून ओढणी गुंडाळते. दुसऱ्या फेरीला श्वास अर्धाच आत जातो. घरी आल्यावर खांद्यावर लाल वळ असतात. आईला विचारलं तर म्हणाली, आपल्या घरात सगळ्यांना चौतीसच बसतो. आजीला चौतीस, आईला चौतीस, लग्नाआधी तुलाही चौतीस. बाजाराच्या दिवशी आई कपड्यांच्या पालावर जाते, तोंडाला पदर लावून चौतीस म्हणते, तो माणूस पेपरात गुंडाळून देतो की झालं. नंबर आहे का आडनाव? आजी माझ्या दुप्पट आहे!

तू पंचवीस वर्षं आष्टीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवतीस. तूच काहीतरी सांग. उत्तराच्या पाकिटावर ‘शिवणकामाबद्दल’ असं लिही, म्हणजे घरात सगळ्यांची पत्रं फोडणारा माझा भाऊ, शिवशंकरदादा, हात लावणार नाही.

मामांना नमस्कार. लोभ आहेच, उत्तराला मात्र उशीर नसावा.

तुझी,
सायली

*

आष्टी,
दि. ७ जानेवारी

चि. सायलीस,
तारा आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आन् मग डोळ्यात पाणी आलं. चुलीत घातलं न्हाई, चुलीवर आता कोण सैपाक करतंय. मशीनच्या खणात ठेवलंय.

अगं येडे, हे आधी कावून न्हाई सांगितलं? संक्रांत तोंडावर हाय, बायकांनी ब्लाऊजसाठी दारात रांग लावलीय, न्हाई तर आजच बसमध्ये बसले असते. आता मी सांगते तसं कर. सोबत माझा टेप पाठवतेय. साधासुधा न्हाई, माझ्या हाताखालचा जुना टेप हाय, ह्यानं निम्म्या आष्टीचं माप घेतलंय. अंगात पातळ कपडा घाल. श्वास सोडायचा, छातीच्या खालून बरगडीवर टेप चांगला आवळून एक आकडा. मग छातीच्या भरीवरून, न आवळता, दुसरा आकडा. टेप पाठीमागं खाली घसरू देऊ नको. एकटीनं करू नको, वहिनीला धरायला लाव. ती लाजंल. तिला म्हणावं, तारानं सांगितलंय.

दोन्ही आकडे कळव. इथं चौकात एक दुकान हाय, तिथून पळायची खास बॉडी घेऊन बीडच्या बसनं कंडक्टरकडं देते. नेकनूरला तुमच्या घरी न्हाई, अकॅडमीच्या पत्त्यावर.

अन् त्या चहा पिऊन गेलेल्या स्थळाला म्हणावं, अजून एक कप पी, पण पोरगी पळत सुटलीय.

लोभाला कधी माप न्हाई लागत, तो असाच ऱ्हाऊ दे.

तुझी आत्या,
तारा

*

नेकनूर,
दि. २० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागाने लिहितेय, तेव्हा आधीच माफी मागून ठेवते.

तू सांगितलं तसंच केलं होतं. आईने डोळे मिटून टेप धरला, मी श्वास सोडला, खालचं माप तेहतीस आणि वरचं अडतीस आलं, तेच तुला कळवलं. परवा तुझं पार्सल आलं. उघडून बघते तर काय, नंबर चौतीस! सोबत तुझी चिठ्ठी, की धुतल्यावर आटतं म्हणून एक नंबर मोठा घेतलाय. आजीला कळलं कसं कोण जाणे, पण ती दिवसभर अंगणात सांगत फिरली की शेवटी चौतीसच आला ना, आमच्या घराण्याचं माप हे. माझाही विश्वास बसला. म्हटलं, एवढं मोजूनमापून आलंय तर बरोबरच असणार.

काल सरांनी चाचणी घेतली. मी एकच घातली, ओढणी नाही, काही नाही. लई हुशारीत निघाले. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणावर मागचा पट्टा वर सरकून मानेकडे निघाला आणि खांद्याचा बंद घसरून कोपरापाशी आला. पुन्हा हात आवळले. तिसऱ्या वळणावर मी पोटरीत गोळा आला असं खोटं सांगून फक्कीच्या रेघेवर बसले. सरांनी घड्याळ खिशात टाकलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नंतर म्हणाले, यंदा जमेल असं दिसत नाही बेटा, घरच्यांचं ऐक.

सोळा दिवस उरलेत. रात्री अण्णा आईला त्या स्थळाच्या शेतीबद्दल सांगत होते. मला खरंच खूप भीती वाटतेय आत्या. मी पुन्हा दोन घालून पळेन, काय व्हायचं ते होईल. तुझा टेप गव्हाच्या कोठीत लपवून ठेवलाय, सांगशील तेव्हा परत पाठवीन.

राग धरू नको. तुझ्याशिवाय हे बोलायला दुसरं कुणी नाही.

सायली

*

आष्टी,
दि. २३ जानेवारी

चि. सायली,
आशीर्वाद तर हायतच, पण आज आत्यालाच कान धरून उभं कर.

तुझं पत्र वाचलं अन् हातातली कात्री खाली ठेवली. कोठीतून टेप काढ. त्याच्या पितळी टोकाजवळ बघ. एक, दोन, तीन हे आकडे हायत का? न्हाईत! लई वर्षांपूर्वी तो मशीनच्या चाकात अडकून तीन इंच फाटला. फेकवंना, म्हणून पितळंचं टोक काढून मी ते तिनावर शिवलं. तवापासून मी माप घेते अन् मनातल्या मनात तीन कमी करते. इतकी सवय झाली, की करते हेच इसरले. हाताला ठाऊक होतं, डोक्याला न्हाई. अन् पोरीला बिनबोलता टपालानं धाडून दिला! तू बिचारी शेवटचा आकडा वाचणार, पहिला कोण बघतंय.

म्हणजे तू तेहतीस न्हाई, तीस. त्यात मी वर एक नंबर चढवला. माझ्याही डोक्यात ते चौतीस बसलेलंच होतं ना, म्हणून दुकानदारानं पुढं ठेवल्यावर म्या एकदाबी उलटून इचारलं न्हाई. रागव, तुझा राग खरा हाय.

आता माप मी घ्यायचं न्हाई अन् तूबी न्हाई. बीडात कारंज्याजवळच्या गल्लीत जाहेदाचं दुकान हाय. ती अन् मी एकाच शिवणक्लासात होतो. पुढं नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, अन् मागं पडद्याआड ती फक्त बायकांसाठी बसते. तिला फोन केलाय. उद्याच्या उद्या जा. वहिनीला घेऊन जा. अन् दोन घालून पळायचं नाव काढलंस तर मी स्वतः येऊन सरांना सगळं सांगीन.

हिंमत सोडू नको गं. चुकी टेपाची हाय, तुझ्या पायांची न्हाई.

तारा आत्या

*

नेकनूर,
दि. २८ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, आत्या, आत्या! कुठून सुरू करू?

आई यायलाच तयार नव्हती. बसमध्येही म्हणत होती, मी बाहेर बांगड्या बघत बसते. जाहेदाभाभींनी नाव ऐकताच मला आत ओढलं. ताराची भाची म्हणजे माझीच, म्हणाल्या. पडदा लावला, आणि आपला टेप माझ्यासमोर धरून पहिला आकडा बोटाने दाखवला, एक! तू फोनवर सगळं सांगितलंयस वाटतं, कारण त्या इतक्या हसल्या की मापच घेता येईना.

खाली तीस. वर पस्तीस. मी म्हटलं, तीस तर लहान पोरींचा असेल. तेव्हा त्यांनी समजावलं, की आकडा फक्त खालच्या पट्ट्याचा, वाटीचं माप वेगळं, ते अक्षरात असतं. दोन्हीची गल्लत करून निम्मा जिल्हा चौतीस घालून फिरतोय. भार पट्ट्याने धरायचा असतो, खांद्याने नाही. पट्टा पाठीवर सरळ राहिला पाहिजे आणि हात वर केले तरी जागचा हलायला नको. तीस नंबर कुणी मागतच नाही, म्हणून सगळ्यात वरच्या खोक्यात धूळ खात पडला होता. पळायच्या दोनच होत्या, दोन्ही काढल्या.

घातली, हुक लावले, आणि मला वाटलं काहीतरी राहिलं. कुठेच टोचत नव्हतं, ओढत नव्हतं. भाभी म्हणाल्या, उड्या मार. मी मारल्या. म्हणाल्या, हात सोड. मी सोडले. मग मी त्या खोक्यांमधल्या हातभर जागेत जागच्या जागी पळायला लागले, आणि आत्या, पूर्ण श्वास आला. पोटापर्यंत. मी रडले, हसले, पुन्हा पळाले. बाहेरून त्यांचे मिस्टर विचारायला लागले की मागे भूकंप झाला का.

आणि पुढचं ऐक. पडदा हलला आणि आई आत आली. तिने पदर बाजूला केला. तिच्या खांद्यांवर दोन खोबणी आहेत, बोट बसेल एवढ्या. एका घरात राहून मी त्या कधी बघितल्या नव्हत्या. आईला वाटायचं ऊसतोडीला मोळ्या वाहिल्या त्याचे वण असतील. भाभींनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, मोळीचे नाहीत, हे चौतीसचे आहेत. आईचा नंबर अडतीस निघाला. येताना बसमध्ये ती खिडकीतून बघत एवढंच म्हणाली, “पंचवीस वर्षं झाली गं, कुणी विचारलंच न्हाई.”

आज सकाळी पळाले. सरांनी घड्याळ दोनदा बघितलं आणि हलवून कानाला लावलं. किती आलं ते सांगत नाही, दृष्ट लागेल. फक्त एवढंच म्हणाले की हात सुटले एकदाचे.

आता आशीर्वाद पाठव, टेप पाठवू नको.

तुझी लाडकी,
सायली

*

नेकनूर,
दि. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

यादीत नाव आलं हे तू फोनवर ऐकलंस. स्पीकरवर अख्ख्या गल्लीनेही ऐकलं. जे तेव्हा सांगता आलं नाही ते आता लिहिते.

दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद. आठशेचे पूर्ण मार्क! शेवटच्या वळणावर माझे दोन्ही हात असे चालले होते की बाजूच्या पोरीला लागतील म्हणून भीती वाटली. रेघ ओलांडल्यावर सर जाळीबाहेरून आपलं घड्याळ दाखवत नाचत होते. फौजेतला माणूस नाचताना बघितला नव्हता कधी. अण्णा तिथेच उभे होते. त्यांनी घरी आल्यावर स्थळवाल्यांना स्वतः फोन लावला आणि सांगितलं की पोरीची लेखी आहे, ती झाल्याशिवाय बोलणं नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मैदानाच्या पलीकडे पोरांची छाती मोजत होते. उघड्यावर, चारचौघांत, टेप लावून. पोरं छाती फुगवून दाखवत होती, मोजणारा आकडा मोठ्याने सांगत होता, दुसरा लिहून घेत होता. कुणाला काही वाटत नव्हतं. आणि मी एक टेप महिनाभर गव्हात पुरून ठेवला होता! मी तिथेच उभी राहून हसत सुटले.

माझ्या पुढच्या गटात शिरूर कासारची एक पोरगी होती. हात छातीशी आवळून पळाली आणि शेवटून दुसरी आली. पाण्याच्या टाकीपाशी एकटी बसली होती. मी तिच्याजवळ गेले, नाव विचारलं आणि तिच्या प्रवेशपत्रामागे जाहेदाभाभींच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. काय आहे म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीचे मार्क आहेत, जाताना आईला घेऊन जा.

आजीने अजून हार मानली नाही. म्हणते, आमच्या काळी मापं अशी नव्हती. पण काल आईजवळ हळूच विचारत होती, त्या पडद्याआड म्हातारीला घेतात का म्हणून.

मामांना नमस्कार. लोभ पूर्वीसारखाच, थोडा सैल धर, आता श्वास घेता येतोय.

सायली

*

आष्टी,
दि. २१ फेब्रुवारी

चि. सायलीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझ्या आईच्या खांद्यांचं वाचलं त्या दिवशी आरशासमोर उभी राहिले. आपलेबी बघितले. मग दोन दिवस मशीनवर बसवंना. सायली, पंचवीस वर्षांत हजार बायकांच्या अंगाला टेप लावला म्या, पण माझ्या अंगाला कुणीबी न्हाई. मीबी न्हाई.

काल दुकान बंद ठेवून बीडला गेले. जाहेदानं पडदा लावला. श्वास सोड म्हणाली. लई दिवसांचा होता गं तो. नंबर काय निघाला ते तुलाबी सांगत न्हाई, पण चौतीस न्हाई. परतीच्या बसमध्ये आष्टीपर्यंत ताठ बसून आले, शेजारणीनं इचारलं की बाई, पाठीला काही झालंय का.

तो जुना टेप परत पाठवू नको. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ‘तीन कमी’ लिही अन् तुझ्याजवळच ठेव. मी नवा घेतलाय, एकापासून सुरू होणारा. त्यानं अजून कुणाचंच माप घेतलं न्हाई. लेखीचा अभ्यास कर, दिवा मोठा लाव, जेवण टाळू नको.

तुझ्या वर्दीचं माप मी घेणार.

तारा आत्या