सादिरकाकांच्या ताटातलं मस्तक

कोचकोर, १४ नोव्हेंबर

सादिरकाका, सलाम.

तुम्ही आणि काकू बिश्केकला नीट पोचलात, कळलं. आईची कंबर बरी आहे. काल बर्फ पडलं. अक्षराला हसू नका, आठवीतच शाळा सोडली मी.

तुम्ही आईला फोनवर म्हणालात की तुमच्या मिर्लानच्या लग्नात पडद्यावर ते लावलं वायरमन बकीतने, त्याला सोडणार नाही. बकीतला काही करू नका. त्याने फक्त वायर दिली. कशाला, ते विचारलंसुद्धा नाही.

रविवारी बाबांच्या थिएटरात आजीबाई येतात अजून. अकरा-बारा जणी. पिक्चर रशियन असतो, त्यांना कळत नाही, म्हणून बाबा वरच्या खोलीतून माइकवर किरगीझमध्ये सगळ्यांचं बोलायचे. आता मी बोलते. हिरोचं, पोलिसाचं, सासूचं, सगळ्यांचं. अंधारात मी अडखळत नाही. खाली बुर्मा आजी खलनायकाला ओरडते, "अरे मेल्या, आई नाही का तुला!" एक रडली की दुसरी न बघताच रुमाल पुढे करते. तुम्ही म्हणता सगळं फोनवर दिसतं. फोनवर रुमाल कोण देणार, काका?

थिएटरचा लग्नाचा हॉल करायचं ठरवलंत तेव्हा घरात सगळ्यांसमोर मला विचारलंत, "कनिशाय, तुझं काय म्हणणं?" मी म्हणाले, "न-न-न..." तुम्ही तसंच करून दाखवलंत. "न-न-न! हो म्हणतेय पोरगी!" सगळे हसले. आईसुद्धा थोडी हसली. मी चहा ओतत राहिले.

ते आधी लिहायचं नव्हतं. पण झालं लिहून.

मग लग्न. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, पडद्यावर कागदी फुलं. जेवण झालं की थोरांनी दुवा द्यायची, आईने हॉलच्या कागदावर सही करायची, दुसऱ्या दिवशी पडदा खाली. मेंढीचं मस्तक तुमच्यासमोर आलं, सगळ्यात मानाचं. तुम्ही सुरी उचललीत. आणि दिवे गेले.

ते मी घालवले.

बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तुम्ही ह्याच पडद्यापुढे उभे राहून बोलला होतात. मिर्लाननेच फोनवर घेतलं होतं, तेच मी पडद्यावर लावलं. आवाज सगळा कुणाच्या तरी बाळाच्या रडण्यात गेला होता. म्हणून तुमचं वरून माइकवर मी बोलले. खाकरण्यासकट. "भावांनो, म्-ह्म्, माझ्या जिवात जीव आहे तोवर भावाचा पडदा उतरणार नाही. उतरवला तर ह्या थोरांबरोबरचं मांस मला हराम!"

आधी हशा झाला. लोकांना वाटलं नवऱ्यामुलाची गंमत चाललीय. मग हसणं थांबलं. मी खोटं बोलले असते तर कुणीतरी उठलं असतं. कुणी उठलं नाही, कारण चाळिसाव्याला ते सगळे तिथेच होते. दोन वर्षं सगळ्यांना आठवत होतं, काका.

दिवे लागले. तोक्तोसुन आजोबा हळूच उठले, तुमच्या ताटातलं मस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि परत मोठ्या परातीत ठेवलं. एवढंच म्हणाले, "तूच हराम म्हणालास, सादिर."

वरच्या खोलीतल्या भोकातून मी तुमचं तोंड बघत होते. इतका मोठा चेहरा मी पडद्यावरही बघितला नव्हता. खूप बरं वाटलं. अजून वाटतं. ह्याची माफी मागायला पत्र लिहिलेलं नाही.

आईने सही केली नाही. पेन बुर्मा आजीने खिशात घातलं, देत नाही.

मिर्लानच्या बायकोचं वाईट वाटतं. ती रविवारी आली होती, मागे बसली. पिक्चरमध्ये भाऊ भावाला विकतो. त्या भावाला मी तुमचा आवाज दिला. दर रविवारी जो वाईट असेल त्याला तुमचाच देणार आहे. आजीबाई आता खाकरलं की ओळखतात.

तो आवाज बंद करायचा असेल तर या. तिसऱ्या रांगेतली बाबांची खुर्ची रिकामी ठेवलीय. अंधारात बसा, आणि थांब म्हणा मला. सगळ्यांसमोर. अडखळू नका मात्र.

तुमच्या भावाची मुलगी,
कनिशाय