मधल्या भिंतीवरची टकटक

लॉस एंजेलिस,
१२ ऑगस्ट १९९२

प्रिय सूनजा,

माझं पत्र बघून आधी तू हसशील. अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून दुकानं चालवली, पण कधी चार ओळी लिहायची वेळ आली नाही. काही हवं असलं की मी सलूनमधून कंगव्याच्या दांड्यानं भिंतीवर ठोकायचे आणि तू लॉन्ड्रीतून ठोकून ओ द्यायचीस. दोनदा टकटक म्हणजे कॉफी झाली, ये. तीनदा म्हणजे हातातलं टाक आणि धाव. तीनची वेळ या एप्रिलपर्यंत दोनदाच आली. एकदा तुझा हात वाफेनं भाजला तेव्हा, आणि एकदा माझा नवरा क्लीव्हन गेल्याचा फोन आला तेव्हा. तू इस्त्री कोटावर तशीच ठेवून धावत आलीस. कोट जळला. त्याबद्दल आजवर तू मला एका शब्दानं बोलली नाहीस; मला ते त्या कोटवाल्याकडूनच कळलं.

फ्रेस्नोची हवा मानवली का? बहिणीच्या घरात रोज सून असल्यासारखं वागावं लागतं असं लिहिलंस, ते वाचून बरं नाही वाटलं. इथलं काय सांगू? तुझ्या जागेला तारेचं कुंपण घातलंय, आत गुडघाभर गवत. बायका केस करायला येतात, पण पूर्वीसारख्या टेकत नाहीत. एकीचं डोकं झालं की दुसरी येईपर्यंत मी खुर्चीत बसून आरशात स्वतःलाच बघते. कॉफी मात्र अजून दोघींची होते. हाताला सवय, दुसरं काय. चर्चच्या गायनवृंदाचे धुवायला दिलेले जांभळे झगे तुझ्याकडेच जळले, तेव्हापासून सगळे आपापल्या कपड्यांत गातात. पर्सेल तर चौकड्यांचा कोट घालून उभा राहतो, वाटतं आता थिएटरच्या दारात तिकिटं फाडायला लागेल. तू असतीस तर तोंडावर हात ठेवून हसली असतीस.

एप्रिलच्या दंगलीवर नेमलेल्या समितीचं तुला माहीतच आहे. दर शनिवारी चर्चच्या तळघरात बैठक, बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, मग घंटा. पन्नास वर्षांचं दुखणं आणि तीन मिनिटं! एक प्राध्यापक येतो, तक्ते लावून बेकारी समजावतो. नगरपालिकेतला तो गोरा माणूस म्हणतो की यात वंशाचं काहीच नाही, गुंड ते गुंड. मग ओडेसाबाई उठल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी, घंटा वाजली तरी खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोलीस आमच्या पोरांना मारतात तेव्हा समिती बसत नाही. दुकानं जळली की बसते." आमची, काळ्यांची अर्धी खोली टाळ्यांनी दणाणली. मग तुमच्या कोरियन दुकानदारांच्या संघटनेचे नोह म्हणाले, "आम्ही फोन करत होतो आणि पोलीस श्रीमंतांच्या वस्त्या राखत होते. मग आम्ही कोणाचे?" तेव्हा तुमची अर्धी खोली. मधली वाट ओलांडून कुणी बसत नाही. आणि खरं सांगू, मला दोघांचंही पटलं होतं.

आणि मग जुलैत तू उठलीस. फोनवर बोलायचं झालं तरी मला पुढे करणारी तू! कागद समोर धरून उभी राहिलीस. तू म्हणालीस, "माझी शेजारीण त्या दिवशी घरी गेली होती. ती तिथं असती तर माझ्या दारात उभी राहिली असती. मी तिला ओळखते." मग पहिल्यांदाच सगळ्या खोलीनं मिळून टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांनी मला मिठी मारली. प्राध्यापकानं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की शहर वाचायचं असेल तर या दोघींकडे बघा. मी खाली मान घालून बुटांकडे बघत होते. तुला वाटलं, मी लाजले.

आता समितीचं पत्र आलंय. बावीस तारखेला शेवटची बैठक, आपण दोघींनी व्यासपीठावर शेजारी शेजारी बसायचं, फोटो काढायचा. नोह म्हणाले, तू बसनं यायला तयार आहेस, मक्याचा पाव करून ठेवायला सांगितलायस. ते ऐकलं आणि मी हे पत्र लिहायला बसले.

सूनजा, त्या गुरुवारबद्दल तुझ्याशी बोलायचंय. आदल्या दिवशी, आमच्या माणसाला मारणारे पोलीस निर्दोष सुटल्याचा निकाल ऐकून मी टीव्हीवर कप फेकला होता. रात्रभर डोकं तापलेलं होतं. सकाळी सगळ्या गल्लीनं लिहिलं तसं मीही काचेवर रंगानं लिहिलं, 'दुकान काळ्यांचं आहे'. जाळणारे ते वाचून पुढं जायचे. तू बाहेर आलीस, ब्रशसाठी नुसता हात पुढं केलास. मी म्हटलं, रंग संपला. डबा अर्धा भरलेला होता, माझ्या पायामागे. तुला दिसला का, मला अजून माहीत नाही. तुझ्या काचेवरचं खोटं उघडं पडलं तर माझ्यावरचंही कुणी खरं मानणार नाही, ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती गं. या वेळी एकदा तरी आमचं वाचू दे, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, असंही मनात आलं होतं. तुझ्याकडे बघताना आलं होतं. तुला सांगितलं, मी घरी चालले, तूही जा. तू म्हणालीस, रविवारी झगे लागतील, तेवढे बांधून निघते. मी गाडी कोपऱ्यापर्यंत नेली, दुकान सोडवेना म्हणून परत आले आणि मागच्या दारानं आत शिरले.

दुपारी शटर ओढून मी जमिनीवर बसले होते, भिंतीला पाठ लावून. तू तीनदा ठोकलंस. टकटक माझ्या पाठीतून गेली. थांबलीस. पुन्हा तीनदा. मग आणखी एकदा, हळू, आत कुणी नाही अशी खात्री करून घेतल्यासारखी. कंगवा माझ्या हातात होता. मी ओ दिली नाही, म्हणून तू समजलीस की मी घरी गेले. तुझं मागचं दार आपटलं, तू पळालीस, आणि तासाभरात धूर आला. समिती विचारते, जबाबदार कोण. ओडेसाबाई सांगतात तेही खरं आहे, नोह सांगतात तेही खरं आहे, पण ती टकटक फक्त मी ऐकली आणि तिचं उत्तर मीच द्यायचं होतं. बसमध्ये बसण्याआधी तुला हे कळावं म्हणून लिहितेय. बावीसला माझ्या तीन मिनिटांत मी हेच सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. पाव करून ठेवते. मधली भिंत अजून उभी आहे, तुझ्या बाजूनं काळी पडलीय. काल दुपारी मी तीनदा ठोकलं आणि बराच वेळ कान लावून बसले.

तुझीच,
वर्लीन

(तू मला 'ऊन्नी', थोरली बहीण, म्हणायचीस. ते खाली लिहायला हात धजला नाही.)