मन्हा नवनीत शे का?

प्रकाशा गावच्या माझ्या मायला, नवनीतचा लांबूनच पायांना हात.

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. नऊ वर्षं सपोर्टला फोनवरून लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सुरू करून दिले, आता लीड ॲनालिस्ट झालो. धाकट्या चेतनाला सांग, वेगळी केबिन आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सपोर्टला माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी आपलं अहिराणी 'शे' गेलं की सगळे हसायचे. मग ते मी जिभेवरून खरवडून काढलं.

सोमवारी तू सपोर्टच्या त्याच जुन्या नंबरवर फोन केलास. स्पीकर चालू होता. "मन्हा नवनीत शे का तठे?" पोरं हसली. मी शेजारीच उभा होतो.

"राँग नंबर" म्हणून फोन मीच ठेवला, माय. तू आवाजही ओळखला नाहीस.

तुन्हाच,
नवनीत