पुलाअलीकडे थांबलेली रांग

प्रिय हर्षा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं करत होते. तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क ठणठणीत होतं. तुझ्या नातीला, करिष्माला, तुझ्या आईच्या नावाची ढाल मिळणार, रविवारी बारावीच्या निरोप समारंभात ती तूच तिच्या हाती देणार, म्हणून तू नागपुरात अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेस. हे ऐकून मला काय बोलावं सुचेना. मला बोलणं सुचलं नाही हे कळलं तर आपल्या चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कबरीत उठून बसतील. म्हणून कागदावर सांगते. निवड समितीत मी होते, आणि मी करिष्माला मत दिलं नाही.

लगेच डोळे पुसायला घेऊ नकोस. करिष्मा गुणी आहे. स्नेहसंमेलन तिनं एकटीनं उभं केलं, भाषण करते तर मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसतात. पण माझ्या मते ढाल दिव्यानीची होती. तू तिला ओळखत नाहीस. जंगलापलीकडच्या गावची, धानाची शेती असलेल्या घरची मुलगी. त्या बाजूच्या सगळ्या पोरी सायकलींवर एका रांगेत इथे सावली गावात शाळेला येतात आणि दहावीपासून रांगेच्या पुढे दिव्यानी असते. त्यांची एक रीत आहे. निघण्याआधी गुरं-शेळ्या राखणाऱ्यांना वाट विचारायची. ते हो म्हणाले तरच निघायचं. मग पुढची घंटी वाजवते आणि मागच्या मोठमोठ्यानं पाढे म्हणतात, वाघाला माणसांची चाहूल लागावी म्हणून. त्या गावच्या पोरींचे पाढे इतके पक्के कसे, याचं आपल्या गणिताच्या मास्तरांना फार कौतुक आहे. ते त्यांना आपल्या शिकवण्याचं फळ वाटतं.

पूर्वपरीक्षेच्या पहिल्याच दिवशी रांग निघाली आणि वाटेत शेळ्या राखणारी सुकरी कळप घेऊन उलटी परतताना भेटली. नाल्याच्या पुलापाशी वाघानं वासरू ओढलं, म्हणाली. दिव्यानीनं पुलाअलीकडेच सायकल आडवी लावली आणि सगळ्यांना गावात परत नेलं. तिथून एसटी दुपारशिवाय नाही. सगळ्यांचा पेपर बुडाला. शाळेनं फेरपरीक्षा घ्यायची सोडून सगळ्यांना गैरहजर मांडलं आणि दिव्यानीच्या नावापुढे शिस्तभंग लिहिला. का, तर तिनं इतरांना परीक्षेपासून परावृत्त केलं. हा शब्द संस्थेच्या सचिवांचा. त्यांना असे शब्द फार आवडतात.

समितीनं तिला बोलावलं. करिष्माचं नाव निघणार म्हणून तिचा बाप, तुझा अजय, सभ्यपणे बाहेर चहा प्यायला गेला. जाताना आपली फाईल टेबलावर ठेवून गेला, म्हणजे संस्थेचा विश्वस्त उठून गेला तरी खोलीतच राहिला. सचिवांनी विचारलं, वाघ कोणी पाहिला? दिव्यानी म्हणाली, कोणी नाई. मग सचिव माझ्याकडे बघून असे हसले, जणू खटलाच जिंकला. पुढाकार घेणाऱ्यानं अडचणीतून वाट काढायची असते, थांबायचं नसतं, असं त्यांनी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "माह्या मागं पोरी होत्या, सर. मी एकटी असती त गेली बी असती."

हर्षा, ढालीचा नियम तू लिहून दिला होतास. इतरांना बरोबर घेऊन चालणारी मुलगी. मी त्यांना तोच वाचून दाखवला. सचिव म्हणाले, मॅडम, त्या दिवशी काही झालंच नाही ना. मी इतकी वर्षं ग्रामीण रुग्णालयात नर्स होते. वाघानं धरलेली माणसं माझ्या टेबलावर आली आहेत. काहींना झाकायला चादर आणण्यापलीकडे आम्हाला काही करता आलं नाही. काही झालं नाही, ते कोणाच्या थांबण्यामुळे झालं नाही, हे मोजायची पट्टी या लोकांकडे नाही. मी म्हणाले, एखादी पोर गेली असती तर तुम्ही सभागृहाला तिचं नाव दिलं असतं. त्यावर प्राचार्यांनी पाणी मागवलं. मतं झाली. माझं एकटीचं दिव्यानीला.

मी हरले, एवढ्यासाठी तुला पत्र लिहिलं नसतं. हरण्याची मला सवय आहे आणि भांडणाचीही. तुझी आई आजही मुख्याध्यापिका असती तर काय झालं असतं, हेही मी तुला विचारणार नाही. ते तुझं तू बघ.

काल दुपारी अंगणात लाखोळीची डाळ वाळत घालत होते, तर करिष्मा आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पायरीवर बसून राहिली. पेपर बुडालेल्यांत तिच्या बाकावर बसणारीही आहे, तिच्याकडून तिला सगळं कळलं होतं. तिनं बाबांना सांगून पाहिलं, ते म्हणाले, ठरलेलं बदलत नसतं, आजीचा मान ठेव. मग मला म्हणाली, "शमसू आजी, माझं नाव पुकारलं तरी मी उठणार नाही." हे तिनं इतक्या हळू सांगितलं, की भाषणं करणारी ती हीच का, असं मला वाटलं. बापाच्या रागाची तिला भीती नाही. भीती तुझी आहे. तू रागावत नाहीस, नुसती गप्प होतेस, आणि ते तिला सोसवत नाही. म्हणून तुला आधी कळवायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. फोनवर सांगू नका म्हणाली, आजी फोनवर रडते.

तर रविवारी तू व्यासपीठावर ढाल घेऊन उभी असशील, करिष्मा खुर्चीत बसून राहील आणि सगळं सभागृह तुझ्या तोंडाकडे बघेल. ढाल मग कोणाला द्यायची, हे तुला सांगायला मी समिती नाही. पण पोर जाताना फाटकापाशी थांबली आणि तिनं विचारलं, आजी माझ्याशी बोलेल ना? मी तुला न विचारता तुझ्या वतीनं हो म्हणून टाकलं आहे. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
शमसुन्निसा