शेपटीला बांधलेलं लिंबू

ओमदादा,

मी उद्याच्या विमानांच्या स्पर्धेसाठी नांदेडला निघालो. घाईत कम्प्युटरवरच लिहिलं, वाचून बंद कर. माझ्या रिमोटच्या विमानाचे तुकडे पलंगाखालच्या खोक्यात हायत, ते फेकू नको. रिमोटची बॅटरी चार्जिंगला लावलीय, दुपारी काढ.

तुझा साळा कळमनुरीहून आला म्हणून तू मला न इचारता विमान उडवलं. आठ महिने मी कम्प्युटरमधल्या त्या फुकटच्या सिम्युलेटरवर खोटं विमान उडवून सराव केला, अन खरं विमान एकदाच उडवलं, तेबी नीट उतरवलं. तुला कितींदा म्हणलं, आधी यावर बस. तू म्हणला, "लेकराचा गेम हाय तो. मी ट्रॅक्टर चालवतो रे!"

तुकडे येचताना शेपटीला लिंबू-मिरची दिसली. आईनं बांधली असंल, नजर लागू नये म्हणून. शेपटी जड झाली की नाक वर होतं अन विमान दगडावानी पडतं. सिम्युलेटरवर मागं वजन टाकून मी हे दहादा पाहिलंय. तुला ते काढायचंबी कळलं न्हाई. आईला मात्र यातलं काही सांगू नको, वाऱ्यानं पडलं म्हण.

उद्या स्पर्धेत माझं नाव पुकारतील. मी मोकळ्या हातानं उभा राहून लोकांची विमानं पाहीन.

सिम्युलेटर तसंच ठेवलंय. साळ्याला अजून काही दाखवायचं असलं तर त्यात दाखव. त्यात पडलं तर बटन दाबलं की नवं विमान येतं.

उद्धव